हाकेचा वाटा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर नावाड्याची मर्जी सांभाळावी लागे, तेव्हाची. आता तुम्ही फटफटीवर बसून पूल ओलांडता आणि खाली पाणी आहे की वाळू, हे बघतही नाही. तेव्हा घटकाभर टेका आणि ऐका.

डोहगावच्या उतारावर, म्हणजे नावेनं नदी ओलांडायच्या जागी, सटवाजी नावाचा नावाडी होता. भोयाच्या घरातला, बुटका, छातीनं रुंद, बोलायला कमी. त्याच्या नावेत बसलेलं माणूस कधी बुडालं नाही, असं म्हणतात. पुरात म्हैस वाहत आली तर तिलाही तो शिंगाला धरून काठाला लावायचा, असंही म्हणतात. खरं-खोटं म्हशीलाच ठाऊक. पाण्याचा रंग बघून वरच्या अंगाला पाऊस किती झाला ते तो सांगे, आणि सहसा चुकत नसे. अशा माणसाला पाण्याची भीती कुठली? त्याला एकाच गोष्टीची भीती होती. आपल्यामागं या नावेचं काय होणार?

ही भीती उगाच नव्हती. तिला कारण होतं, आणि ते कारण त्याच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं होतं.

सटवाजीचा बाप गेला तो एक शब्द न सांगता. उताराचं वतन त्याच्याकडे होतं. वतन म्हणजे नाव चालवायचा हक्क, आणि त्यापोटी दोन्ही तीरांवरच्या गावांनी सुगीला खळ्यावर द्यायचं धान्य. मुलगे दोन, थोरला हैबती आणि धाकटा सटवाजी. कुणाला काय, हे म्हाताऱ्यानं कधी काढलं नाही. का काढलं नाही? तर डोहगावात एक समजूत होती. जित्या माणसानं वाटणीची भाषा काढली की यम येऊन उंबऱ्यावर बसतो. म्हणून लोक शेवटच्या घटकेपर्यंत गप्प राहायचे, आणि शेवटच्या घटकेला जीभ लुळी पडायची. यम बापडा न बोलावताच यायचा.

बापाचं तेरावं झालं आणि भावाभावांत जुंपली. पंच बसले. पंचांनी सुपारी कातरली, मिशा कुरवाळल्या आणि निवाडा केला: नाव थोरल्याची, वल्ही धाकट्याची. नावेवाचून वल्ह्यांचा उपयोग नाही आणि वल्ह्यांवाचून नावेचा, तेव्हा दोघे झक मारत एकत्र राहतील, असा पंचांचा हिशेब. हिशेबात चूक नव्हती. माणसं मात्र त्यांनी धरलीच नव्हती. हैबतीनं नाव ओढत नेली आणि आपल्या नदीकाठच्या अंगणातल्या उंबराला बांधून टाकली. सटवाजीनं वल्ही माळ्यावर चढवली. उतार ओस पडला, आणि लोक दूरच्या वाटेनं वळसा घालून जाऊ लागले.

त्याच पावसाळ्यात सटवाजीची बायको राही बाळंतपणात अडली. सुईण पैलतीराला. सटवाजी दोन्ही वल्ही खांद्यावर टाकून भावाच्या दाराशी धावला. हैबतीनं वल्ही बघितली आणि त्याला वाटलं, हा डोकं फोडून नाव न्यायला आला. त्यानं दार लावून घेतलं. आतून ओरडला, "पंचांस्नी घिऊन ये, मंग बोलू." सटवाजीनं हात जोडले, कपाळ दारावर आपटलं. घर लांब नव्हतं. राहीच्या हाका तिथवर ऐकू येत होत्या. शेवटी हैबतीच्या बायकोनंच नवऱ्याला बाजूला सारलं, दार उघडलं आणि नावेचा दोर सोडला. नाव पाण्यात पडली, सुईण आली. पोर वाचली. राही गेली.

चितेची राख निवायच्या आत हैबतीनं तो दोर सटवाजीच्या पायाशी आणून टाकला आणि बायकोला घेऊन गाव सोडलं. कुठं गेला, कुणाला कळलं नाही. सटवाजीला नाव मिळाली, वल्ही मिळाली, वतनही मिळालं. ज्याच्यासाठी भांडला ते सगळं एका दिवसात घरी चालत आलं, आणि ज्या घरात आलं ते घर मोडलेलं होतं.

पदरात तीन लेकरं. मानाजी, निंबाजी आणि ती नुकती जन्मलेली धुरपा. आई कशी गेली, असं मुलं विचारायची तेव्हा सटवाजी म्हणायचा, देवानं नेली. त्यापुढं बोलायचा नाही, आणि त्या दाराशी काय झालं ते गावातही दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. पोरांच्या कोवळ्या मनावर चुलत्याचा राग कशाला गोंदवा, असं त्याला वाटे. चांगल्या मनानं केलेलीच ही चूक होती, आणि तिचं ओझं पुढं त्यालाच वाहावं लागलं.

तीन पोरं नावेतच वाढली. नावेतच जेवायची, नावेतच झोपायची. बापानं त्यांना एक नेम घालून दिला होता. नावेत भांडायचं नाही. भांडलात तर बसून भांडायचं, उभं राहायचं नाही. उभा राहिलेला एकटा बुडत नाही, सगळ्यांना घेऊन बुडतो. धुरपा शेळ्या घेऊन पैलतीराला जाई आणि दिवस कलला की तिकडून हाक देई, "आबाऽऽ, नाव आनाऽऽ." ती हाक आली की सटवाजी हातातला घास ताटात टाकून उठायचा. लोक हसायचे. म्हणायचे, शेळ्या कुठं पळून जात नाहीत, जेव की निवांत. पण तो थांबायचा नाही. लोकांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

वर्षं गेली. मानाजी उंच, दणकट झाला. वल्हं त्याच्या हातात काडीसारखं दिसे. निंबाजी गोड बोलण्यात तरबेज. सुगीला खळ्याखळ्यावर जाऊन तो धान्य आणी, आणि एरवी सूपभर देणारा कुणबीही त्याला टोपलंभर देई. दोघांची लग्नं झाली, दोन चुली झाल्या. धुरपाला पैलतीराच्या गावात दिली. लग्नाच्या दिवशी सटवाजीनं तिला स्वतः वल्हवत पलीकडे सोडली आणि रिकामी नाव घेऊन परत आला. त्या दिवशी नाव जड लागत होती, असं तो पुढं सांगत असे.

मग एके दिवशी मधल्या धारेत त्याच्या छातीत कळ आली. वल्हं हातातून सुटता सुटता राहिलं. कळ गेली, पण जाताना भीती मागं ठेवून गेली. आपण आत्ता इथं गेलो असतो तर? नाव कुणाची? वल्ही कुणाची? घास गिळताना त्याला तेच दिसे. अंथरुणावर पडला की तेच. दोन्ही मुलं समोर बसून भाकरी खात असली की तो एकाकडे बघे, मग दुसऱ्याकडे बघे, आणि त्याला हैबतीचं बंद दार दिसे.

तो पाटलाकडे गेला. म्हणाला, माझी वाटणी मी जिता असताना करून द्या. पाटील दचकले. "सटवाजी, धडधाकट हाइस की लेका. मरायची भाषा कशापायी करतूस? सोता मरशील आन् गावावर बी अवदसा आनशील." त्यांनी अंगणात पाणी शिंपडलं आणि त्याला वाटेला लावलं.

मग तो गुरवाकडे गेला. गुरवानं देवाला कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं फुलं चिकटवली. उजवं पडलं तर मानाजी, डावं पडलं तर निंबाजी. दोघे पायरीवर बसून राहिले. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ झाली. फुलं चिकटल्या जागी वाळून गेली, पण पडली नाहीत, असं म्हणतात. गुरव उठला, कंबर सरळ केली आणि म्हणाला, "देवाला मधी पडायचं न्हाई, सटवाजी. तुजं तू बघ."

गावात गोष्ट लपते का? कौल लावल्याचं मुलांच्या कानावर गेलं, तेही तिखटमीठ लावून. मानाजीला कळलं की आबा नाव निंबाजीला देणार. निंबाजीला कळलं की आबा वतन मानाजीला देणार. बापाला कुणी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून काम आटोपलं की मानाजी वल्ही खांद्यावर टाकून घरी नेऊ लागला. "चोर लई झाल्यात," तो म्हणाला. दोन दिवसांनी निंबाजीनं बाजारातून लोखंडी साखळी आणि कुलूप आणलं, आणि नाव उंबराला बांधून किल्ली कंबरेच्या करदोट्यात अडकवली. "चोर लई झाल्यात," तोही म्हणाला.

सटवाजीनं ती साखळी बघितली. तोच उंबर. बाप न बोलता मेला तेव्हा जे झालं, ते आपण जिते असताना होतंय. म्हणजे न बोलायला मरावंच लागतं असं नाही, हे त्याला तेव्हा कळलं. तरी तो बोलला नाही. आज बोलू, उद्या बोलू. बोललो आणि तुटलं तर? निदान सकाळ झाली की दोघे येतात, एक कुलूप काढतो, एक वल्ही आणतो, नाव चालते. चालतंय तोवर चालू दे. पण रोज दोघे थोडे उशिरा येत होते. काठावर लोक ताटकळत होते. म्हातारा पाण्याकडे बघत नुसता कडेला बसून राही.

श्रावण आला. नागपंचमीला लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला घरचं माणूस जातं. पंचमीच्या आदल्या दिवशी नदी दुथडी भरून चालली होती, आणि तिसऱ्या प्रहरी पैलतीरावरून हाक आली.

"आबाऽऽ, नाव आनाऽऽ."

सटवाजी उठला. पलीकडे धुरपाचं लुगडं दिसत होतं, काखेला गाठोडं. तो मानाजीच्या दाराशी गेला. म्हणाला, वल्ही दे. मानाजी ओसरीवरून उठला नाही. "आदी त्येला साखळी सोडू द्या, मंग देतो." तो निंबाजीच्या दाराशी गेला. निंबाजी गोड आवाजात म्हणाला, "आबा, देतो की किल्ली. आदी त्येनं वल्ही भायेर काढावी. न्हाईतर साखळी सोडली आन् त्यो नाव घिऊन गेला तर?" म्हातारा परत मानाजीकडे गेला. परत निंबाजीकडे गेला. दोन दारांच्या मधे अंगणभर अंतर, आणि त्या अंतरात तो येरझारा घालत राहिला. प्रत्येक फेरीला नदीकडून हाक येत होती. आधी मोठी, मग जरा घोगरी, मग नुसता सूर. मग हाक थांबली.

तो धावत उतारावर आला, कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि ओरडला, "धुरपेऽऽ!" पण घोंघावत्या पाण्यापुढं म्हाताऱ्याचा आवाज किती पोचणार? दिवस मावळायला आला होता, आणि सावलीत बुडालेला हा काठ पलीकडून दिसत नव्हता. पलीकडची बाई थोडा वेळ उभी राहिली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि सासरच्या वाटेला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत सटवाजी पाण्यात उभा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं दोन्ही मुलांना उतारावर बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "धुरपाला आनायची हाय. दोगं बी चला. न्हाईतर मी पवत जातो." आणि तो खरोखरच पाण्यात उतरायला लागला. गाव बघत होतं. मानाजीनं मान खाली घालून वल्ही आणली. निंबाजीनं कुलूप काढलं आणि साखळी नावेत टाकली.

धुरपा पलीकडे परत येऊन वाट बघतच होती. डोळे सुजलेले. तिनं बापाला वरपासून खालपर्यंत बघितलं, त्याच्या दंडाला हात लावून बघितला, आणि नावेत बसली. भावांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

नाव मधल्या धारेत आली. तिथं खाली मोठा डोह होता. त्या डोहात साती आसरा राहतात, म्हणून बाया तिथं ओटी सोडायच्या. सटवाजीनं मानाजीकडून वल्ही मागून घेतली. पोराला वाटलं, म्हाताऱ्याला वल्हवायची हौस आली. सटवाजीनं दोन्ही वल्ही नावेत आडवी टाकली आणि त्यांच्यावर मांडी घालून बसला.

"आता वाटनी," तो म्हणाला.

"आबा, येडं झालासा का?" निंबाजीचा गोड आवाज पहिल्यांदाच फाटला. "धार हाय ही. नाव खडकावर जाईल."

"जाऊ दे. आन् गप ऱ्हाऊन बी ती तितंच चाललीया."

आता इथं गोष्ट अशी आहे. धारेनं नाव ओढून खाली खडकांवर आपटायला हवी होती. पण नाव जागची हलली नाही. पूर दोन्ही अंगांनी फेसाळत जात होता आणि मधे नाव खुंटीला बांधल्यासारखी उभी. साती आसरांनी तळ धरून ठेवला, असं म्हणतात. काही शहाणे म्हणतात, खाली एखादा सुळका असेल, त्यावर अडकली असेल. शहाण्यांना म्हणू द्या. त्या जागी कितीही लांब बांबू टाकला तरी तळ लागत नसे, हे दोन्ही तीरांना ठाऊक होतं.

मानाजी म्हणाला, "मी थोरला. नाव माजी." त्यानं 'माजी' म्हटलं आणि डाव्या काठावरून पाणी आत आलं. निंबाजी म्हणाला, "मंग वतन माजं. खळ्याखळ्यावर मी फिरलोय, हा न्हवं." उजव्या काठावरून पाणी आत आलं. धुरपानं दुधीभोपळ्याचा तुंबा घेतला आणि पाणी उपसायला लागली. ते दोघे बोलत होते आणि ती उपसत होती. जितकं ते बोलत तितकं पाणी चढे, असं म्हणतात. पोटऱ्यांपर्यंत आलं तेव्हा मानाजी रागानं ताडकन उभा राहिला. नाव एका अंगाला कलली, धुरपाचा तुंबा हातातून निसटला.

"बस," सटवाजी म्हणाला. "भांडायचं त्ये बसून."

लहानपणीचा नेम हाडात मुरलेला होता. मानाजी बसला.

"तुमची आय कशी गेली, ठावं हाय?" सटवाजीनं विचारलं. आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्यानं सांगितलं. नाव, उंबर, माळा. बंद दार. दाराशी ऐकू येणाऱ्या हाका. सांगताना तो पोरांकडे बघत नव्हता, पाण्याकडे बघत होता. "माज्या बानं सांगितलं न्हाई आन् मी बी सांगितलं न्हाई. मला वाटलं, गप ऱ्हायलं की पोरांचं बरं हुतं. काल मी तुमच्या दोन दारांमधी उभा ऱ्हाऊन हिची हाक ऐकली. तवा बी मी आसाच उभा हुतो. तवा हैबतीचं दार हुतं. काल माज्या लेकांची हुती."

धुरपाचे हात थांबले होते. आपल्या जन्माची गोष्ट ती पहिल्यांदा ऐकत होती. पाणी मांडीला लागत होतं. सटवाजी तिच्याकडे वळला. "तुजं काय, धुरपे? तू बी माजीच हाइस. तुला काय पायजे?"

भाऊ चमकले. लेकीला वाटणीत विचारायचं, ही रीत त्या मुलखात कुणी ऐकली नव्हती. धुरपाही क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "मला नाव नगं, आबा. दानं नगं. म्या हाक मारली तर नाव यावी, इतकंच. काल कुनीच आलं न्हाई. मला वाटलं, तुमी गेलासा. माजी हाक ऐकून तुमी आला न्हाई, आसं कवा झालं न्हाई. म्हनून वाटलं, आबा गेलं, आन् मला सांगाया बी कुनी आलं न्हाई."

एवढं बोलून तिनं ओंजळीनंच पाणी बाहेर टाकायला सुरुवात केली.

मानाजी दणकट गडी. त्यानं तोंडावर पंजा धरला आणि हुंदका दिला. निंबाजीनं करदोट्याची किल्ली ओढून काढली, साखळी आणि कुलूप उचललं आणि सगळं डोहात टाकून दिलं. "वल्ही नावंतच ऱ्हातील," मानाजी म्हणाला. "एका राती बी घरला न्यायाची न्हाई." मग दोघे वाकले आणि बहिणीबरोबर ओंजळीनं पाणी उपसू लागले.

मग वाटणी झाली, आणि ती आजही डोहगावात लहान पोर सांगतं. नाव दोघांची, धान्याची रास एक. पाळीनं नाव चालवायची, पण हाक आली की पाळी बघायची नाही, ऐकेल त्यानं उठायचं. राशीतून कुणी काही उचलायच्या आधी एक वाटा बाजूला काढायचा, तो हाकेचा. घरचं माणूस, दिलेली लेक असो की परागंदा झालेला भाऊ, हाक मारत आलं तर रिकाम्या हातानं परत जायचं नाही. "आन् फिरून दोगं भांडलासा," सटवाजी म्हणाला, "तर नाव धुरपाच्या काठाला बांधायची. मंग तुमी हिकडनं हाका मारायच्या, आन् तिला वाटंल तवा ती येईल." धुरपा रडता रडता हसली. भाऊ मात्र हसले नाहीत. दोघांनाही तो ऐलतीर डोळ्यांपुढं दिसला.

असं म्हणतात की सटवाजी वल्ह्यांवरून उठायच्या आधीच नाव हलली आणि उतारावर येऊन लागली.

राहिली यमाची गोष्ट. सगळं गाव वाट बघत बसलं की सटवाजी आता आठ दिवसांत जाणार. वाटणीची भाषा काढली ना! पण कुठलं काय. पाटील गेले, गुरव गेला, सटवाजी आपला काठावर बसून तंबाखू मळतोय. छातीतली कळही परत आली नाही, असं म्हणतात. एके वर्षी पैलतीरावर एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिनं अगदी हळू हाक मारली, नाव येईल की नाही अशी शंका असलेली. निंबाजीची पाळी नव्हती, पण ऐकलं त्यानं, तो गेला. ती हैबतीची बायको होती. नवरा परमुलखात वारला होता. सटवाजीनं तिला ओळखलं, कारण दोर तिनंच सोडला होता. पहिला हाकेचा वाटा तिच्या पदरात पडला, आणि ती शेवटपर्यंत त्याच घरात राहिली.

सटवाजी गेला तोही लोक सांगतात तसाच. नातवंडं वल्हं धरायला लागली होती, त्याचे हात थकले होते. एके दिवशी टळटळीत दुपारी तो उंबराखाली बसला असताना एकाएकी उठला. जवळच्या माणसांनी विचारलं, कुठं निघालात? "हाक आली," तो म्हणाला. कुणालाच हाक ऐकू आली नव्हती. पैलतीरावर चिटपाखरू नव्हतं. पण त्या उतारावर हाक आली म्हणणाऱ्याला अडवत नसत. तो नावेत बसला आणि तरुण माणसासारखा सपसप वल्हवत गेला. थोड्या वेळानं नाव एकटीच परत आली. वल्ही आत नीट आडवी ठेवलेली, आणि नेहमी भिजलेला तिचा तळ कोरडा ठणठणीत. राहीची हाक होती, असं म्हणतात. तिची एक हाक त्याच्याकडे राहून गेली होती.

आता पूल आहे. वर धरण झालं, उन्हाळ्यात पोरं नदीच्या पात्रात क्रिकेट खेळतात. नाव उंबराखाली ठेवली आहे. एखादी फळी कुजली की गावचा सुतार नवी बसवतो, त्यामुळे मूळचं लाकूड किती उरलं हे विचारू नका. नाव तीच आहे. डोहगावात कुणाची वाटणी असली, शेताची असो, घराची असो की स्टँडवरच्या गाळ्याची, घरची सगळी माणसं त्या नावेत जाऊन बसतात. घरचं म्हातारं माणूस हिंडतंफिरतं असतानाच बसतात. लेकींना निरोप जातो आणि त्या आल्यावर त्यांना आधी बसवतात. तलाठी आणि वकील बाहेर पारावर थांबतात. मिटेपर्यंत कुणी उभं राहायचं नाही. कुणी तावातावानं उठलाच तर पारावरच्या बाया ओरडतात, "बस, बुडवशील समद्यास्नी," आणि पँट-शर्टातला मोठा माणूस कोरड्या जमिनीवर घाबरून खाली बसतो.

सगळं ठरलं की वयानं मोठा असेल तो विचारतो, "हाक कुनाची ऱ्हायली?" मग सगळे नदीकडे कान देतात. पुलावरून ट्रक जात असतात. कधी कुणाला लांब दिलेली आत्या आठवते, कधी न बोलणारा भाऊ आठवतो. नाव घेतात, वाटा काढतात, मग उठतात.

आणि हे पुढचं 'असं म्हणतात' नव्हे, गावानं बघितलेलं आहे. गेल्या साली तिघा भावांची वाटणी झाली. मोटार कुणाची, गोठा कुणाचा, सगळं मिटलं. हाक कुणाची राहिली, असं थोरल्यानं विचारलं. सगळे नदीकडे कान देऊन बसले. काही आलं नाही. माणसं उठायला लागली. तेवढ्यात नावेच्या टोकाला, मघापासून सुनेच्या पाठीमागं बसलेली त्यांची आई म्हणाली, "माजी ऱ्हायली."

उठलेले सगळे परत खाली बसले.